चाहार, जेहोल, शीकांग: चीनचे हे प्रांत गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी वाचताना ‘शांशी-चाहार-हेबेई सीमाप्रदेश’ असं नाव आलं. शांशी आणि हेबेई आजच्या नकाशात लगेच सापडले, चाहार कुठेच दिसेना. घरातल्या जुन्या ॲटलासात चाहारच्या आसपास जेहोल आणि सुइयुआन आहेत, तिबेटच्या बाजूला शीकांग आहे. हे प्रांत गेले कुठे? आणि चीनचे जुने प्रशासकीय विभाग समजून घ्यायची काही रीत आहे का?

जुन्या नकाशांचा आणि कागदपत्रांचा काळ ठरवून त्यांची सूची करणं हे माझं काम असल्यामुळे या चार नावांशी माझी जुनी ओळख आहे. ती खोडसाळ आहेत, पण उपयोगीही आहेत. ती का उपयोगी ते पुढे येईलच. आधी चाहार.

चाहार हे मुळात मंगोलांच्या एका गटाचं नाव. छिंग राजवटीत हा गट बीजिंगच्या वायव्येला, महाभिंतीपलीकडच्या गवताळ पट्ट्यात लष्करी तुकड्यांच्या रूपात वसवलेला होता. राजेशाही संपल्यावर १९१४ साली प्रजासत्ताकाने या भागात रेहे, चाहार आणि सुइयुआन असे तीन ‘विशेष प्रदेश’ केले. (रेहे म्हणजेच तुमच्या ॲटलासातला जेहोल.) १९२८ मध्ये नानजिंगच्या कुओमिंतांग सरकारने त्यांना पूर्ण प्रांताचा दर्जा दिला आणि त्याच सुमारास गान्सूमधून निंगशिया आणि छिंगहाय हेही वेगळे काढले. नुसत्या कुरणांवर प्रांताचा खर्च भागणं कठीण, म्हणून हेबेईतली भिंतीलगतची शेतीची दहा श्येन (तालुक्यापेक्षा मोठे स्थानिक विभाग) चाहारला जोडली गेली. राजधानी चांगजियाखौ. जुन्या युरोपीय नकाशांवर ती काल्गन या नावाने दिसते.

१९३७ मध्ये जपानी सैन्याने चांगजियाखौ घेतलं आणि तिथे मंगोल राजपुत्रांच्या नावाने आपल्या ताटाखालचं सरकार बसवलं. जानेवारी १९३८ मध्ये हेबेईच्या पश्चिम डोंगरात फूपिंग इथे कम्युनिस्टांच्या पुढाकाराने जे सीमाप्रदेश सरकार स्थापन झालं, त्याने तीन प्रांतांची लघुनामं जोडून ‘जिन-चा-जी’ हे नाव घेतलं. जिन म्हणजे शांशी, चा म्हणजे चाहार, जी म्हणजे हेबेई. म्हणजे एकाच भूभागावर तीन दावे होते: चुंगचिंगला हललेल्या राष्ट्रीय सरकारच्या कागदावरचा प्रांत, जपान्यांनी उभं केलेलं सरकार, आणि डोंगरातून चालणारा सीमाप्रदेश. त्या काळचा नकाशा कुणी छापला हे पाहिल्याशिवाय त्यावरची एकही सीमारेषा वाचू नये, हे यावरूनच कळेल.

सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९३९ मध्ये कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, येनानला पोहोचले, तिथून या जिन-चा-जी भागात आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेईतल्या तांग श्येनमध्ये वारले. त्यांच्याविषयीच्या मजकुरात गावाच्या पत्त्यापुढे कधी हेबेई, कधी जिन-चा-जी, तर कधी नुसतं ‘उत्तर चीन’ दिसतं. यातलं काहीच चूक नाही. प्रत्येक लेखक वेगळ्या थरावरून पत्ता सांगतो आहे, इतकंच.

पुढे कम्युनिस्टांनीही १९४९ मध्ये चाहार नावाचा प्रांत ठेवला. पण तो जुना चाहार नव्हे. उत्तरेचा गवताळ भाग आंतरिक मंगोलियाकडे गेला होता आणि शांशीच्या उत्तरेचा दातोंगचा भाग यात आला होता. १९५२ मध्ये हा प्रांतच रद्द झाला. दातोंगकडचा तुकडा शांशीत परतला, उरलेला बहुतांश हेबेईत गेला. एक नाव, दोन वेगळे भूभाग. माझ्या कामात सर्वांत जास्त घोटाळे अशा नावांमुळे होतात.

आता रीत. ती एका वाक्यात सांगता येते: जागा शोधायची तर प्रांत सोडा आणि श्येन शोधा. आपल्या हिशेबाने श्येन तालुक्यापेक्षा मोठं आणि जिल्ह्यापेक्षा लहान असतं. कर, खटले, धान्याची कोठारं, दाखले, सामान्य माणसाचा सरकारशी संबंध शतकानुशतकं याच पातळीवर येत राहिला.

ही पातळी किती चिवट आहे ते आकड्यांतून दिसतं. इ. स. २ च्या हान खानेसुमारीत सुमारे ५ कोटी ९६ लाख लोक आणि श्येन पातळीचे १,५८७ विभाग नोंदले आहेत. तांग काळात, ७४० साली, श्येन होती १,५७३. मधल्या साडेसात शतकांत साम्राज्य मोडलं, तुकडे झाले, पुन्हा जुळलं, तरी आकडा जवळपास तिथेच. आज लोकसंख्या १४० कोटींवर आहे आणि श्येन पातळीचे विभाग २,८०० च्या आसपास आहेत. माणसं वीसपटींहून जास्त वाढली, विभाग दुपटीलाही पोहोचले नाहीत. हान काळाच्या नोंदीत तांग नावाचं श्येन आहे, आणि कोटणीस वारले तेव्हाही त्या भागात तांग श्येन होतंच. त्यावरच्या थराचं नाव मात्र या काळात किती वेळा बदललं याची यादी केली तर एक पान पुरणार नाही.

वरचा थर इतका अस्थिर का? माझं मत असं, की मधल्या अधिकाऱ्याची केंद्राला कायम भीती होती. राजधानीत बसून दीड हजार श्येन सांभाळता येत नाहीत, त्यामुळे मध्ये कुणीतरी लागतं. आणि मध्ये जो बसतो त्याच्या हाती पैसा आणि सैन्य एकत्र आलं की तो राजा व्हायला बघतो. चिनी प्रशासनाच्या नकाशाची दोन हजार वर्षं या पेचात गेली आहेत.

सुरुवात इ. स. पू. २२१ ची. छिन सम्राटाने सहा राज्यं जिंकल्यावर दरबारात वाद झाला. लांबच्या प्रदेशांत राजपुत्रांना राज्यं वाटून द्यावीत असं काहींचं म्हणणं होतं. ली स याने त्याला विरोध केला आणि साम्राज्याचे ३६ ज्युन, म्हणजे श्येनांवरचे मोठे विभाग, झाले. ज्युनचा अधिकारी नेमलेला, वंशपरंपरेचा नाही. त्याखाली श्येन. हान घराण्याने सुरुवातीला अर्धं तिकडचं, अर्धं इकडचं केलं. काही ज्युन, काही नातलगांची राज्यं. इ. स. पू. १५४ मध्ये अशा सात राज्यांनी बंड केलं आणि मग त्या राज्यांची ताकद छाटली गेली.

त्यानंतरची व्यवस्था मला फार गमतीची वाटते. इ. स. पू. १०६ मध्ये सम्राट वू याने ज्युनांवर नजर ठेवायला १३ विभाग (चौ) आखले आणि प्रत्येकावर एक निरीक्षक नेमला. ज्युनच्या अधिकाऱ्याची वेतनश्रेणी २,००० माप धान्याची, निरीक्षकाची फक्त ६००. कमी पगाराचा, तरुण, वर चढायला उत्सुक माणूस मोठ्या अधिकाऱ्याच्या चुका शोधायला पाठवायचा, आणि त्याला स्वतःला राज्य करण्याचा अधिकार मात्र द्यायचा नाही. योजना हुशारीची होती आणि बराच काळ चाललीही. मग बंडाळ्या वाढल्या आणि इ. स. १८८ मध्ये ल्यू यान याच्या सूचनेवरून काही विभागांवर पूर्ण अधिकाराचे सुभेदार नेमले गेले. काही वर्षांतच युआन शाओ जीचौमध्ये, ल्यू ब्याओ जिंगचौमध्ये, त्साओ त्साओ यानचौमध्ये असे जो तो आपापल्या विभागाचा मालक झाला आणि २२० मध्ये हान घराणं संपलं.

तपासायला आलेला माणूस कारभारी होऊन बसतो, ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा घडते. तांग काळात ६२७ मध्ये १० आणि ७३३ मध्ये १५ ‘दाओ’ आखले गेले, तेही देखरेखीसाठीच. सीमेवरच्या सेनापतींकडे मात्र हळूहळू सैन्याबरोबर महसूलही आला. ७५५ मध्ये बंड करणाऱ्या आन लूशानकडे एकाच वेळी तीन सेनाविभाग होते. मिंग काळात राजधानीतून तात्पुरत्या दौऱ्यावर पाठवलेले अधिकारी छिंग काळापर्यंत प्रांतांचे कायमचे गव्हर्नर झाले.

या थरांची नावं जुन्या ग्रंथांत आली की वाचक गडबडतो. यांगचौचं उदाहरण घ्या. हान काळात तो १३ विभागांपैकी एक होता. आजच्या आन्हुई आणि ज्यांगसूचा दक्षिण भाग, जज्यांग, ज्यांगशी, फूज्येन, म्हणजे चीनचा जवळजवळ सगळा आग्नेय कोपरा. आज यांगचौ हे ज्यांगसू प्रांतातलं एक शहर आहे. मधल्या काळात उत्तर आणि दक्षिणेतली प्रतिस्पर्धी राज्यं एकमेकांवर कुरघोडी करायला नवनवे चौ काढत गेली आणि एकेक चौ आक्रसत शहराएवढा झाला. तिसऱ्या शतकातल्या मजकुरात ‘यांगचौचा सुभेदार’ वाचून आजच्या यांगचौ शहरावर टाचणी लावणारे मी पाहिले आहेत.

त्याहून विचित्र प्रकार चौथ्या शतकातला. उत्तर चीन हातचं गेल्यावर लाखो लोक यांगत्सेच्या दक्षिणेला पळून आले. दक्षिणेत राज्य करणाऱ्या पूर्व जिन घराण्याच्या दरबाराने त्यांच्यासाठी उत्तरेतल्याच गावांच्या आणि ज्युनांच्या नावाने दक्षिणेत विभाग उघडले. शानदोंगमधला लांग्या ज्युन शत्रूच्या ताब्यात होता, तर आजच्या नानजिंगजवळ दुसरा लांग्या तयार झाला. काहींना सुरुवातीला जमीनच नव्हती, फक्त नोंदवही होती. या स्थलांतरितांच्या, म्हणजे पाहुण्यांच्या वहीत नाव असलं की करात सवलत मिळे, त्यामुळे वही सोडायला कुणी तयार नसे. ३६४ मध्ये ह्वान वन याने आणि ४१३ मध्ये ल्यू यू याने या लोकांना राहत्या जागेच्या नोंदवहीत आणण्यासाठी मोहिमा काढल्या. त्या काळातला एखादा पुरुष ‘लांग्याचा’ म्हटला असेल, तर तो आयुष्यात कधी शानदोंगला गेला नसण्याचीही शक्यता धरा.

सहाव्या शतकाच्या अखेरीस मधला थर इतका फुगला की सुई दरबारात यांग शांगशी याने तक्रार केली: माणसं थोडी, अधिकारी फार; दहा मेंढ्यांमागे नऊ मेंढपाळ. सम्राटाने ५८३ मध्ये ज्युनचा थरच काढून टाकला. तांग दरबाराची हौस वेगळी होती. सीमेपलीकडच्या टोळीप्रमुखांना पदव्या देऊन त्यांच्या मुलखाला चौ म्हणायचं; असे ८०० हून जास्त चौ कागदावर होते. ऐतिहासिक नकाशांत तांग साम्राज्य मध्य आशियात लांबवर पसरलेलं दिसतं, त्यातला बराच रंग या पदव्यांचा आहे.

सोंग राजवटीने आन लूशानचा धडा मनावर घेतला. ९९७ मध्ये १५ ‘लू’ झाले, पण एका लूचा एक मालक नव्हता. महसुलाचा अधिकारी वेगळा, न्यायाचा वेगळा, सैन्याचा वेगळा, धान्यकोठारांचा वेगळा. काही ठिकाणी त्यांच्या हद्दीही जुळत नव्हत्या. बंड करायला चौघांनी एकत्र यावं लागलं असतं. त्याची किंमत म्हणजे शत्रू आल्यावर लढायलाही चौघांनी एकत्र यावं लागे.

युआन काळात मंगोलांनी प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. अधिकार एकत्र दिले, पण सीमा मुद्दाम वाकड्या काढल्या. आजच्या प्रांतांची चौकट बरीचशी इथून येते. छिनलिंग पर्वत हा उत्तर आणि दक्षिण चीनमधला नैसर्गिक दुभाजक. त्याच्या दक्षिणेकडचं हानचोंगचं खोरं हवेने, पिकाने, बोलीने सिचुआनच्या जवळचं, तरी युआनांनी ते पर्वतापलीकडच्या शेन्शीला जोडलं. सिचुआन हा चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला प्रदेश. हानचोंग त्याच्या हाती नसेल तर उत्तरेचं दार सिचुआनच्या सुभेदाराला लावताच येत नाही. हानचोंग आजही शेन्शीत आहे. मिंग संस्थापकाने १३७६ मध्ये प्रांताची सत्ता पुन्हा तीन कचेऱ्यांत वाटली, पण या वाकड्या सीमा त्यालाही सोयीच्या वाटल्या.

छिंग काळाबद्दल थोडक्यात: मिंगांचे मोठे प्रांत दुभंगले. ज्यांगनानचे ज्यांगसू आणि आन्हुई झाले, हूग्वांगचे हूबेई आणि हूनान, शेन्शीतून गान्सू निघाला, आणि ‘चीनचे अठरा प्रांत’ ही संज्ञा रूढ झाली. १८८४ मध्ये शिनज्यांग, १८८५ मध्ये तैवान, १९०७ मध्ये ईशान्येचे तीन प्रांत. मध्येच १९०५ मध्ये ज्यांगसूच्या उत्तर भागाचा ज्यांगह्वाय नावाचा प्रांत निघाला आणि काही महिन्यांत मिटलाही. तो ज्या नकाशावर दिसेल तो नकाशा जपून ठेवा.

प्रजासत्ताकाने फू, चौ, थिंग असे जुने मधले प्रकार मोडून सगळ्यांना सरसकट श्येन केलं. एकसारख्या नावांची श्येन अनेक निघाल्यामुळे १९१४ मध्ये त्यांतल्या कित्येकांची नावं बदलावी लागली; श्येन सहसा टिकतं या माझ्या नियमाला हा मोठा अपवाद. माणसं आपल्या वरच्या थराशी किती बांधलेली असतात हे वूयुआन श्येनवरून दिसतं. ते आन्हुईतल्या जुन्या ह्वेचौ परिसराचं. १९३४ मध्ये कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमांच्या सोयीसाठी ते ज्यांगशीला जोडलं गेलं. लोकांनी नेटाने आंदोलन चालवलं आणि १९४७ मध्ये ते आन्हुईत परत आलं. १९४९ मध्ये पुन्हा ज्यांगशीत गेलं, ते आजतागायत तिथेच आहे. ह्वेचौ हे नावही १९८७ मध्ये बाजूला सारून त्या भागाला ह्वांगशान शहर म्हटलं गेलं. या निर्णयाबद्दलची नाराजी तिथे आजही ऐकू येते, आणि मला ती रास्त वाटते.

आता तुमच्या ॲटलासातली उरलेली नावं. सुइयुआन १९५४ मध्ये आंतरिक मंगोलियात विलीन झाला. रेहे १९५५ मध्ये हेबेई, ल्याओनिंग आणि आंतरिक मंगोलियात वाटला गेला. त्याची राजधानी चंगदे आज हेबेईत आहे. शीकांग १ जानेवारी १९३९ रोजी ल्यू वनह्वे या सिचुआनी लष्करशहाच्या हाताखाली रीतसर प्रांत झाला. पण नकाशावरचा शीकांग आणि प्रत्यक्षातला शीकांग यांत मोठा फरक होता: जिन्शा नदीच्या पश्चिमेचा भाग ल्हासाच्या ताब्यात होता. १९५० मध्ये तो पश्चिम भाग छामदो म्हणून वेगळा निघाला आणि १९५५ मध्ये उरलेला शीकांग सिचुआनमध्ये गेला.

याच काळात आणखी बरंच काही आलं आणि गेलं. ऑगस्ट १९४९ मध्ये हेबेई, शानदोंग आणि हनान यांच्या सांध्यावर पिंगयुआन प्रांत झाला, राजधानी शिनश्यांग. नोव्हेंबर १९५२ मध्ये तो मिटला. सिचुआन १९५० ते १९५२ चार तुकड्यांत होता. ज्यांगसू आणि आन्हुईही दुभंगलेले होते. या सगळ्यांवर सहा ‘महाप्रशासकीय क्षेत्रं’ होती. ती १९५४ मध्ये रद्द झाली, आणि ईशान्येचा गाओ गांग व पूर्वेचा राओ शूशी हे दोन क्षेत्रप्रमुख त्याच वर्षी फुटीरपणाच्या आरोपाखाली पदच्युत झाले. प्रशासन सुटसुटीत करणं हे कारण खरंच होतं, पण मधल्या थराची जुनी भीतीही मला त्यात दिसते.

या अल्पायुषी नावांमुळेच नकाशाचा काळ ठरवता येतो. बीजिंगभोवतालचा प्रांत ‘जिली’ (जुन्या लिपीत ‘चिहली’) असेल तर नकाशातली माहिती १९२८ पूर्वीची. त्यानंतर तो हेबेई. बीजिंगऐवजी ‘पेपिंग’ असेल तर बहुधा १९२८ ते १९४९. ईशान्येत तीन प्रांत असतील तर १९०७ ते १९३२, नऊ असतील तर १९४५ नंतरची चार-पाच वर्षं, चौदा असतील तर मांचुकुओच्या (जपानने ईशान्येत उभ्या केलेल्या राज्याच्या) काळातला, १९३४ नंतरचा नकाशा. ‘फंगथियान’वर विसंबू नका: १९२९ मध्ये त्याचं ल्याओनिंग झालं, पण मांचुकुओने जुनंच नाव पुन्हा वापरात आणलं. आंतरिक मंगोलिया नेहमीपेक्षा बारका दिसला तर १९६९ ते १९७९. हायनान ग्वांगदोंगमध्येच असेल तर १९८८ पूर्वीचा, चुंगचिंग सिचुआनमध्ये असेल तर १९९७ पूर्वीचा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. युरोपातल्या प्रकाशकांकडे नव्या सीमा उशिरा पोहोचत आणि जुन्या ठशांवरून नवी आवृत्ती निघे, म्हणून पुस्तकावरचं वर्ष आणि नकाशातलं वर्ष यांत अंतर असू शकतं. मी सर्वांत नवी सीमा शोधतो आणि नकाशा तिच्यापेक्षा जुना नाही एवढंच खात्रीने लिहितो. दुसरी गोष्ट तैवानची. तिथल्या सरकारने मुख्य भूमीवरचे बदल मान्य केले नाहीत, म्हणून तैवानमध्ये छापलेल्या नकाशांवर चाहार, रेहे, सुइयुआन, शीकांग धरून ३५ प्रांत पुढे कित्येक दशकं छापले जात होते. तुमच्या ॲटलासावर प्रकाशनस्थळ तैपेई असेल, तर चाहार दिसला म्हणून तो १९५२ पूर्वीचा ठरत नाही. अशा वेळी सीमा सोडा आणि रेल्वेमार्ग, धरणं, शेजारच्या देशांची नावं यांवरून काळ शोधा.